जोगेश्वरीच्या खाणीतले बेडूक

दादांनी मला पहिला बेडूक दाखवला तो ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या उपड्या झाकणावर ठेवून. हाताच्या पंजाएवढी काळपट दगडाची चिप होती आणि तिच्यावर तपकिरी रेघोट्या.

"काय दिसतं?"

"गंज लागल्यासारखं वाटतंय."

"नीट बघ. हे मांडीचं हाड. ही पोटरी. बेडूक आहे. इथलाच, जोगेश्वरीचा."

"कुठल्या डबक्यातला?"

"ते डबकं आटून साडेसहा कोटी वर्षं झाली," ते म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

मी तेव्हा वीज कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात बिलिंगला होते, सव्वीस वर्षांची. ते मीटर तपासणीत, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. सगळं ऑफिस त्यांना दादाच म्हणायचं. मूळ वरोऱ्याकडचे. त्यांच्या गावच्या शिवारात गोल गोल दगड सापडायचे, पोरं गोफणीत घालायची. एकदा कुठलीशी मंडळी जीप घेऊन आली आणि सांगून गेली, की हे डायनासोरचं शेण आहे, दगड झालेलं. "आमची आई म्हणाली, एवढं शेण, पण सारवायलाही उपयोग नाही," दादा सांगायचे. तेव्हापासून त्यांना हा नाद लागला होता. मुंबईत नोकरी लागली, जोगेश्वरीला खोली मिळाली, आणि खोलीच्या मागेच टेकडीत दगडाची खाण निघाली. वरोरा सोडल्याचं दुःख तिथंच संपलं, असं ते म्हणायचे.

खाणीत खाली काळा कातळ आणि वरही काळा कातळ. दोन्ही लाव्हाचे. मध्ये माणसाच्या उंचीइतका मऊ, पानापानांचा थर. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर पाणी साठलं, तळं झालं, तळ्यात गाळ बसला, गाळात मेलेले जीव बसले. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. दादांनी मला हे कधी शिकवल्यासारखं सांगितलं नाही. कातळाला हात लावून दाखवलं, एवढंच.

रविवारी सुरुंग बंद असत. मुकादम ओळखीचा झाला होता, तो लांबूनच हात हलवायचा, म्हणजे जा आत. परक्या माणसाबरोबर मी रविवारी खाणीत जाते यावर कोणी काही बोलू नये म्हणून पहिले दोन रविवार दादांबरोबर वहिनीही आल्या. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "तुम्ही दोघं फोडा दगड. मी डबा करून देते. मला उन्हात बसवत नाही." माझ्या घरी माझे वडील, गिरणीतून सुटून आल्यापासून खुर्चीतच असलेले, एवढंच विचारायचे, "काय गो, आज गावलो काय बेडूक?"

सात रविवार मला काही गावलं नाही. थराचा तुकडा उभा धरायचा, छिन्नी ठेवून हलकेच ठोकायचं, तो खारी बिस्किटासारखा पापुद्र्यात सुटतो. दोन्ही बाजू बघायच्या. काही नसतं. पुन्हा ठोकायचं. आठव्या रविवारी एक पापुद्रा सुटला आणि आत एक अख्खा पाय, बोटांसकट, आखडून घेतलेला. हाडं सुईपेक्षा बारीक. मी ओरडले नाही. मला वाटलं, आवाजानं ते पुसलं जाईल. दादा जवळ येऊन बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघणारी तू पहिली. जगात कोणी बघितलेलं नाही."

मला तोवर कुठल्याच बाबतीत कोणी पहिली म्हटलं नव्हतं.

ते खिशातून कागद काढायचे आणि तिथेच लिहायचे. तारीख, कुठली खाण, खाणीची कुठली भिंत, थराच्या तळापासून किती वीत वर, कोणाला सापडलं. ती चिठ्ठी दगडाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळायची. यात त्यांनी कधी सूट दिली नाही. एकदा पाऊस सुरू झाला म्हणून मी म्हटलं, घरी जाऊन लिहू. ते म्हणाले, "घरी गेल्यावर तो नुसता दगड झालेला असेल." आणि पावसात, दप्तराच्या आडोशाला, लिहीत बसले.

सगळं त्यांच्याकडेच ठेवलं. माझ्या घरी आम्ही पाच जण एका खोलीत होतो, आणि लग्नानंतर कांदिवलीला गेले तिथेही जागेची तीच तऱ्हा. त्यांच्या जोगेश्वरीच्या खोलीला एक लांबट गॅलरी होती. तिथे औषधांच्या दुकानातून आणलेले खोके रचत गेले. बेडूक, कासवाच्या पाठीचे तुकडे, बिया, देठ, तिळाएवढ्या शिंपल्या. वहिनी त्यावर पापड वाळत घालायच्या.

खाण बंद झाली तेव्हा वस्तीत लोकांनी पेढे वाटले. सुरुंगानं त्यांच्या भिंतींना चिरा गेल्या होत्या, पोरं वर्षभर खोकायची. आम्हाला वाईट वाटलं तरी ते बोलायची सोय नव्हती, आणि बोलावं असंही नव्हतं. दादा म्हणाले, "बरंच झालं त्यांचं." दोन-तीन वर्षं ती खाण तशीच उघडी पडून होती. आम्ही जात राहिलो. मग ट्रक यायला लागले. कुठे कुठे पाडलेल्या इमारतींचा मलबा त्या खड्ड्यात पडायला लागला. विटा, कमोडचे तुकडे, फरशा. थर आधी गुडघ्याखाली गेला, मग दिसेनासा झाला. मग चारी बाजूंनी निळे पत्रे लागले.

आम्ही दुसरीकडे शोधायला लागलो. अंधेरीजवळच्या अंबोलीला एक कापलेली कड होती. एका रविवारी गेलो तर मशीननं तिच्यावर सिमेंट फवारलेलं. डोंगर सरकू नये म्हणून. राखाडी, गुळगुळीत, मध्ये पाणी जायला प्लास्टिकचे पाइप. दादांनी त्यावर हात फिरवला आणि हाताला लागलेली पूड पँटला पुसली. मेट्रोचा बोगदा खणायला लागले तेव्हा आम्हाला आशा वाटली होती, की एवढं खोल खणतायत तर थर लागणारच. बॅरिकेडपाशी जाऊन मी सुपरवायझरला विचारलं, बाहेर निघणारी माती जरा बघता येईल का. तो हेल्मेटखालून म्हणाला, "मॅडम, अंदर एंट्री नहीं है. और मिट्टी में देखना क्या है?" ट्रक ताडपत्री बांधून निघून जात होते. दादा प्रत्येक ट्रकच्या मागे बघत उभे राहायचे.

मग मालाडचं झालं.

मालाड पूर्वेला एका टॉवरसाठी डोंगर कापत होते. रस्त्यावरूनसुद्धा काळ्या कातळातली फिकी पट्टी दिसत होती. पत्र्याला एका कोपऱ्यात फट होती. दादांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, माझे केस पिकले होते, आणि आम्ही दोघं त्या फटीतून वाकून आत शिरलो. अर्ध्या तासात दादांना एक पान मिळालं, शिरा न् शिरा शाबूत. ते चिठ्ठी लिहीत होते तेव्हा दोन वॉचमन धावत आले. आम्ही सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी आमची पिशवी घेतली आणि आम्हाला चौकीत नेलं.

चौकीतला हवालदार माझ्याच वयाचा होता. त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली.

"काय चोरलं यांनी?"

"पत्थर," वॉचमन म्हणाला.

"कसले पत्थर?"

"साहेब, यात एक पान आहे," दादा म्हणाले. "झाडाचं. फार जुनं."

"पान चोरलं?" हवालदार हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि या बाई कोण तुमच्या?"

"ऑफिसात होती माझ्या. बहिणीसारखी आहे."

"काका, या वयात कुठे पत्र्यातून घुसता? वरून दगड पडून मेला असता तर त्या वॉचमनची नोकरी गेली असती. कळतं ना?"

ते खरंच होतं. त्यामुळेच जास्त लागलं. हवालदारानं कोरा कागद पुढे केला. पुन्हा या जागेत येणार नाही, झाल्याबद्दल माफी मागतो, असं लिहून सही करायची होती. मी पटकन सही केली. दादांनी पेन हातात धरून ठेवलं. मान खाली घालून कुणापुढे काही लिहून द्यायचं नाही, हे त्यांच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांच्या वडिलांनी गावात त्यापायी काय सोसलं होतं ते मला माहीत होतं. हवालदारानं घड्याळाकडे बघितलं. दादांनी सही केली.

दगड परत मिळाले नाहीत. आम्ही रिक्षात बसलो. दादा एवढंच म्हणाले, "पान त्या टेबलावर उपडं पडलं होतं. घासलं गेलं असणार."

त्यानंतर आम्ही पुन्हा कुठे गेलो नाही. जायला जागाही राहिली नव्हती. त्यांनी मग एकच ध्यास घेतला, की गॅलरीतलं सगळं चांगल्या ठिकाणी जावं. चव्वेचाळीस खोके होते. एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग होता, तिथे आम्ही दोघं गेलो. तिथल्या बाईंनी फार प्रेमानं चहा दिला. म्हणाल्या, "दोन वर्षं एकही ॲडमिशन नाही. विभाग बंद होतोय. आमचीच कपाटं कॉम्प्युटर लॅबला हवीत म्हणून रिकामी करतोय, तुमचं कुठे ठेवू?" एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की नमुने गोळा करताना जागेच्या मालकाची लेखी परवानगी घेतली असल्यास तिची प्रत जोडावी. दादांनी ते पत्र मला वाचायला दिलं. परवानगी म्हणजे मुकादमानं लांबून हलवलेला हात. त्याची प्रत कशी काढायची?

पुढच्या वर्षी त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन महिन्यांत खाली करायची होती. नवी इमारत होईपर्यंत राहायला मालाडच्या मालवणीत एक खोली मिळणार होती, गॅलरी नसलेली. ऑक्टोबरात ते माझ्या घरी आले. कधी येत नसत. खुर्चीच्या टोकाला बसले.

"तुझ्याकडे ठेवशील का? नवीन जागा मिळेपर्यंत. सगळे नको. निवडून वीस खोके."

माझ्या मुलाचं लग्न ठरलं होतं. घराला रंग लागत होता, सून यायची होती, पलंग कुठे लावायचा यावरून आमच्याकडे रोज वाद चालले होते. नवरा आतल्या खोलीत होता आणि तो ऐकतोय हे मला कळत होतं.

"दादा, दिवाळीनंतर बघू ना," मी म्हटलं. "लग्न एकदा पार पडू दे."

"बरं," ते म्हणाले. पाणी प्यायले. "घाई नाही." जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. मी वरून बघितलं आणि दार लावलं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वहिनी दिवसभर हॉस्पिटलात. मुलगी नागपूरहून आली, तिला एकीकडे बाप आणि दुसरीकडे इमारत खाली करायची शेवटची तारीख. तिनं सामान हलवणारी माणसं बोलावली. कपाट, भांडी, गादी, फोटो, सगळं नीट मालवणीला पोचलं. गॅलरीतले खोके त्या माणसांनी उघडून बघितले आणि तिला फोन केला, "यात दगड आहेत." ती आयसीयूच्या बाहेर उभी होती. ती म्हणाली, "राहू दे मग."

मी तिला कधीच दोष दिला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

मला हे दोन दिवसांनी कळलं. मी रिक्षा करून जोगेश्वरीला गेले. इमारतीच्या खिडक्या-दारं काढून नेली होती, गॅलऱ्यांवर हातोडे चालू होते. जे काही होतं ते वरून खाली टाकत होते. खाली ढीग होता आणि त्यात जेसीबी. मी पाडकामाच्या मुकादमाला हात जोडले, दहा मिनिटं मशीन थांबवा म्हटलं. त्याला वाटलं माझं सोनंनाणं राहिलंय. त्यानं थांबवलं, तेवढी माणुसकी दाखवली. मी साडी खोचून ढिगात उतरले. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे सगळीकडे उडत होते, आणि त्यात चिठ्ठ्या. दादांचं बारीक, उभट अक्षर. तारीख, भिंत, किती वीत वर. चिठ्ठ्या कितीतरी सापडल्या. दगड बहुतेक फुटले होते, त्यांचा चुरा प्लास्टरमध्ये मिसळला होता. बाकीचे आदल्या दिवशीच ट्रकनं गेले होते.

"कुठे गेले ट्रक?"

"बाई, आता ते कोण सांगणार? खाली करतात कुठेतरी."

अकरा दगड मिळाले. धड असे अकरा. चिठ्ठ्या ओंजळभर. कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची, ते सांगायचा काही मार्ग नव्हता. माझा तो पहिला पाय त्या अकरांत नव्हता. तो शोधत होते हे मला ढिगातून वर आल्यावर कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

वहिनी म्हणाल्या, त्यांना सांगू नका. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. महिन्याभरानं त्यांना मालवणीला आणलं, मी बघायला गेले. ते पलंगावर उशीला टेकून होते. मला बघितल्यावर त्यांनी डाव्या हातानं हवेत चौकोन काढला. खोका. मग माझ्याकडे बोट केलं.

"हो, माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "सगळे. नीट ठेवलेत."

त्यांनी तळहात पुढे केला. दाखव.

पुढच्या रविवारी मी एक दगड घेऊन गेले. त्यातल्या त्यात चांगला, पाठीचा कणा असलेला. त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवली, कारण चिठ्ठीशिवाय दिला असता तर त्यांना तिथेच कळलं असतं. त्यांनी दगड मांडीवर घेतला, उजेडाकडे कलवला, बघितला. मग चिठ्ठी उघडून वाचली. पुन्हा दगड बघितला. पुन्हा चिठ्ठी. वहिनी ओट्यापाशी चहा गाळत होत्या, गाळणं भांड्याला लागल्याचा आवाज तेवढा येत होता. दादांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि मान हलवली, नाही. त्या चिठ्ठीत बियांचं लिहिलेलं होतं. मी घाईत वाचलीच नव्हती.

ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मग तोंडातून एक शब्द काढायला लागले. वेळ लागला. ओठाच्या कडेनं लाळ आली, ती मी पुसली.

"कि... किती?"

"अकरा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मी तिथे बसून रडले, त्यांच्या देखत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही नाही. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वहिनींनी चहा आणला तो मीच प्यायले.

मी त्यानंतर जात राहिले. ते मला ओळखायचे, मान हलवायचे, दगडांचं पुन्हा कधी निघालं नाही. फेब्रुवारीत दुसरा झटका आला आणि ते गेले. नवीन जागा त्यांनी बघितली नाही. वहिनी आता तिथे राहतात, चौदाव्या मजल्यावर, नव्या लादीच्या घरात. मी गेले की त्या चांगलं बोलतात. एकदा मात्र निघताना म्हणाल्या, "तुमच्याकडून आल्यावर त्या दिवशी ते म्हणाले होते, तिलाही घर आहे. तिचं चूक नाही." मला हे ऐकून जे हलकं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीचा फोन आला. एम.एस्सी. करत होती, दोन-चार विद्यार्थ्यांत एकटी मुलगी, तिच्या बाईंनी माझा नंबर दिला होता. चहा देणाऱ्या त्याच बाई, आता दुसऱ्या कॉलेजात. तिला मुंबईतल्या या थरावर प्रबंध लिहायचा होता. "मॅडम, रिसर्च पेपरांत सगळं वाचलंय," ती म्हणाली. "पण मला एकदा स्वतः बघायचंय. एखादा छोटा तुकडा जरी मिळाला ना, तरी चालेल."

मी म्हटलं, ये रविवारी. ढिगातले अकरा दगड होते, पण चिठ्ठीशिवाय ते नुसते दगड, म्हणून त्यांचं मी तिला सांगितलं नाही. तिनं पाठीवर सॅक आणली होती, नवी कोरी हातोडी, गॉगल. आम्ही जोगेश्वरीपासून सुरुवात केली. खाणीच्या जागी सात विंगचं कॉम्प्लेक्स आहे. गेटवरच्या माणसानं विचारलं कुठल्या फ्लॅटला जायचंय, आम्हाला सांगता आलं नाही. अंबोलीच्या कडेवरच्या सिमेंटला आता शेवाळ धरलंय. मालाडला मी लिहून दिलं होतं, की पुन्हा येणार नाही. तिला आत जा म्हटलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे थांबले. दहा मिनिटांत ती परत आली. "पोडियम पार्किंग आहे," म्हणाली. "मागे भिंत आहे, तिच्यावर धबधबा बनवलाय. खोटा."

उन्हात आणखी दोन ठिकाणी गेलो. एकीकडे पत्रे, एकीकडे पोलिस क्वार्टर. चार वाजता आम्ही एका हॉटेलात बसलो, तिनं उपमा मागवला आणि तो चिवडत बसली.

"तुम्ही खरंच इथे रविवारी यायचात?" तिनं विचारलं. "म्हणजे असंच, हातोडी घेऊन?"

"हो."

तिनं चमचा बशीत ठेवला. मग म्हणाली, "बाई म्हणत होत्या सॅटेलाइट डेटावर कर. घरी बसून होतं. मी तेच घेते मॅडम."

मी तिला थांबवलं नाही. ते शहाणपणाचंच होतं. तिची रिक्षा आली, तिनं सॅक आत ठेवली, हातोडीचा दांडा बाहेर येत होता तो आत ढकलला आणि गेली. मी कांदिवलीच्या बसची वाट बघत उभी राहिले.